डॉल्फिन, रोही अन् आमची वर्षाली

...अन् वरतून बायको मलेच म्हनते, "तुमाले कायचीच मजा घेता येत नाई!" आता तुमीच सांगा, तेल्हाऱ्याहून समुद्रापावतर गाडी कोनं चालवली? म्या! लग्नाले पंधरा वर्सं झाले म्हून दोन दिवस सारा किनारा फिरवाचं कोनाच्या डोक्यात आलं? माह्याच! अन् कौतुक कोनाचं? त्या सहदेवचं!

सहदेव म्हंजे तिथला बोटवाला, पाखरं अन् डॉल्फिन दाखवते. पस्तिशीचा गडी, दात पांढरेफेक. बोटीत चढतावक्ती तिले म्हने, "ताई, सावकाश पाय ठेवा हां." अन् मले? "काका, तुम्ही मागे बसा, म्हणजे बोट कलंडणार नाही." तिले ताई अन् मले काका! म्हंजे मी तिचा कोन झालो? पन मी काई जळलो नाई. मी कायले जळू?

बोट निघाली अन् हे सुरू! "ताई, तो बघा समुद्री गरुड." "अगं बाई, खरंच!" "ताई, ती खंड्याची जोडी." "किती गोऽऽड!" पंधरा वर्सांत वर्षालीनं मले एकच प्रश्न इचारला, सिलिंडर सांगतलं का? तिथं त्या सहदेवले तासाभरात चाळीस! अन् डोळे कसे... हे मोठाले! ते डोळे म्या हार घालतावक्ती एकडाव पायले होते, मंग थेट त्या बोटीत, अन् तेबी गरुडासाठी! पन मी जळत नाई, सांगून ठेवतो.

मंग त्यानं इंजिन बंद केलं. "शूऽऽ... आता कोणी आवाज करायचा नाही हां." सारे चूप. अन् वर्षालीनं माहा हात धरला... खोटं नाई सांगत, सोताहून धरला! तेवढ्यात पानी हाललं, एक काळी पाठ वर आली, दुसरी आली, तिसरी आली... पुरा कळप!

आता मले सांगा, ज्यानं उभी जिंदगी वावरात जागल केली, रोही म्हंजे नीलगाई अन् डुकरं दिसले की पीक वाचवाले बोंबलला, त्यानं कळप पायल्यावर काय करावं? माह्या तोंडातून आपोआपच गेलं... "हुर्र्र! हाऽऽड! हाऽऽड रेऽऽ!" वरतून तिथला रिकामा डबाबी वाजवला!

बाप्पा बाप्पा! डॉल्फिन गेले ते गेलेच. सारी बोट माह्याकडे पाहून राहिली. वर्षालीनं हात सोडला. अन् सहदेव म्हनते कसा, "असू दे ताई, काकांना सवय नाही." सवय नाई? अबे, सवयच तं हाये!

वापसीत बाई एक शब्द बोलली नाई. अकोला आलं तवा तोंड उघडलं, मी खूश झालो, तं म्हने, "पानी द्या."

अन् काल सांजेची गोष्ट आइका. हरभऱ्याले घाटे लागले म्हून आमी दोघं वावरात गेलो, तं समोर नऊ रोही! नऊ! मी छाती भरून घेतली, तोंड उघडलं... अन् तिनं माह्या तोंडावर हात ठेवला. "शूऽऽ... पाहा नं, किती गोड हायेत!"

आता काय करता? आवाज केला तं हरभरा वाचते, पन हात जाते. किती दिवसानं लागला होता तो हात! मी चूप. रोही कराकरा खाऊन राहिले, मी चूप! अन् हिनं दुसऱ्या हातानं मोबाइल काढून व्हिडिओ कॉल लावला. "सहदेवदादा, हे पाहा आमच्या इकडचे!" तिकडून आवाज, "वा ताई! आणि काका?" "हायेत नं इथंच. चूप बसवले त्याईले."

हरभऱ्याचं जाऊ द्या हो, पुढच्या साली पुन्हा पेरू. पन ती त्या रोह्याईकडे पाहून राहिली होती, तेच मोठाले डोळे करून... तवापासून मी सहदेववर जळत नाई बाप्पा. आता मी रोह्याईवर जळतो.