आधी मांडणी ओळखा, बाबा

...नाही, म्हणजे चूक माझीच आहे असं धरून चाला, आमच्या घरी सगळे तसंच धरून चालतात. पण तुम्हाला सांगतो, पोटच्या पोरीने जेवता जेवता बापाला विचारावं, ‘बाबा, आत्ता तुम्ही बोललात त्याची मांडणी कुठली?’ आता मी काय बोललो होतो? भाजी अळणी आहे, एवढंच. त्याला कसली आलीये मांडणी? त्याला मीठ लागतं!

सातवीत आहे ती. त्यांच्या बाईंनी शिकवलंय की माहितीचा उतारा समोर आला की वाचत सुटायचं नाही. लिहिणाऱ्याने तो रचलाय कसा ते आधी बघायचं. एकामागून एक क्रमाने सांगितलंय, की कारण आणि त्याचा परिणाम, की दोन गोष्टींची तुलना, की समस्या आणि तिच्यावरचा उपाय, की आपलं नुसतंच वर्णन. चांगलं आहे हो, उताऱ्यापुरतं चांगलं आहे. पण ही ते घरभर लावत सुटली. हिची आई म्हणाली, ‘काकांकडे बघ, कसे वेळेवर घरी येतात, नाहीतर तुझे बाबा,’ की कोपऱ्यातून आवाज, ‘तुलना.’ आई हसली. मला हसायला त्या घरात कोणाला फार काही लागत नाही.

हेही सोसलं असतं, पण ते माझ्या नोकरीपर्यंत आलं. मी इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसतो. बसायचो. ते येतंच पुढे. काचेला एक गोल भोक, मागे एक स्टूल, स्टुलावर मी. लोक भोकाला तोंड लावून विचारणार, ‘रक्त कुठे तपासतात?’ आणि मी सांगणार. आता सांगणार म्हणजे कसं, की पूर्वी ते इथेच होतं, पाण्याच्या नळाशेजारी, मग भिंतीला ओल आली, मग नवी इमारत झाली, तिचं दार मागच्या बाजूला, म्हणजे तिथे एक कुत्री बसलेली असते, गरीब आहे, चावत नाही... तोवर रांग फाटकापर्यंत. आमचे साहेब आले. साहेब कधी ओरडत नाहीत, चष्मा पुसतात. चष्मा पुसत म्हणाले, ‘हे बघा, एक फलक लिहा. लोकांनी तो वाचावा आणि वाटेला लागावं. जमलं तर बरं, नाहीतर तुम्हाला खाली चादरींच्या कोठीत बसवावं लागेल.’

चादरींची कोठी म्हणजे तळघर. खिडकी नाही, माणूस नाही, बोलायला कोणी नाही. मला, तुम्हाला सांगतो, धडकीच भरली. मी माणसांशिवाय जगू शकत नाही, हे हिच्या आईलाही माहीत आहे, म्हणून तर ती मला माणसांत पाठवते.

बसलो लिहायला. ‘आपल्या रुग्णालयाची नवी इमारत प्रशस्त, हवेशीर व प्रकाशमान असून...’ पोरीने मान वाकडी करून वाचलं. म्हणाली, ‘आधी मांडणी ओळखा, बाबा. हे वर्णन आहे. ज्याला रक्त द्यायचंय त्याला हवेशीर कशाला?’ बरं. फाडला. दुसरा लिहिला, की जुन्या इमारतीत ओल आल्यामुळे प्रयोगशाळा हलवावी लागली, परिणामी गैरसोय होत आहे. ‘कारण-परिणाम,’ म्हणाली. ‘प्रयोगशाळा का हलली ते कळलं. जायचं कुठे ते नाही कळलं.’ मग म्हटलं, तूच सांग बाई माझे, काय पाहिजे? म्हणाली, क्रम पाहिजे. आधी काय, मग काय, शेवटी काय. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? आणि लिहिलं, ‘प्रथम, नवी इमारत प्रशस्त आहे. नंतर, ती हवेशीर आहे. शेवटी, भिंतीला ओल आली.’

पोरीने कपाळाला हात लावला. हुबेहूब आपल्या आईसारखा. ‘बाबा, शब्द पेरले म्हणून मांडणी होत नाही. मीही असंच नुसतं ‘नंतर-नंतर’ बघून ‘क्रम’ असं उत्तर लिहिलं होतं, बाईंनी मार्क कापले.’ मग तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, डोळे मिटा, तुम्ही दारात उभे आहात, पहिलं पाऊल कुठे? आणि कुत्री मध्ये आणायची नाही. कुत्री काढली. ओल काढली. जड गेलं, पण काढली. राहिलं ते एवढं: ‘रक्त तपासायचंय? आधी शेजारच्या खिडकीत नाव सांगा. मग मागच्या दाराने बाहेर पडा. समोरचा पिवळा जिना चढा. वर उजवीकडचं पहिलं दार.’

फलक लागला. लोक आले, वाचलं, गेले. पुढचे आले, वाचलं, गेले. मी स्टुलावर बसून बघतोय. काचेच्या भोकातून वारा तेवढा येतोय. कोणी विचारेना! साहेब आले, बघत राहिले, म्हणाले, ‘कमाल केलीत. आता या खिडकीची गरजच उरली नाही.’ आणि चष्मा पुसला.

झालं. जमलं नाही तर चादरी, आणि जमलं म्हणूनही चादरी! घरी येऊन सांगितलं, तर पोरगी म्हणते, ‘समस्या आणि उपाय, बाबा. फक्त समस्या तुम्ही होतात.’ म्हणाली, आणि मग माझ्या ताटात तिची पोळी वाढली. तिलाही वाईट वाटलं असणार. मला तर वाटलंच.

आता मी चादरी मोजतो. बोलतोही त्यांच्याशी, पण चादर प्रश्न विचारत नाही हो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत वर येतो आणि फलकाशेजारी उगाच उभा राहतो, एखादा तरी चुकेल या आशेने. कोणी चुकत नाही. मेला इतका चांगला झालाय तो फलक!

परवा एक आजी आल्या. बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं. मला म्हणाल्या, ‘सगळं समजलं रे बाबा, छान लिहिलंय कोणीतरी. पण आमच्या यांचं रक्त काल नेलंय, आज सांगणार आहेत. काही वाईट नसेल ना निघायचं?’ आता हे मला काय माहीत? पण मी सांगायला लागलो. वर बसतो तो माणूस किती सावकाश बोलतो ते, माझ्या आईच्या वेळी मी कसा इथेच घाबरून बसलो होतो ते, ती ओल, तो नळ, ती कुत्री, सगळं. बोलत बोलत पिवळा जिना चढलो दोघं, त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. वरच्या पायरीवर त्या हसल्यासुद्धा, कुत्रीवर.

खाली उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच. संध्याकाळी पोरीला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता ओळख, ही कोणती मांडणी? तिने पेन्सिल खाली ठेवली. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हिचे डोळे भरून येणार.

म्हणाली, ‘पाचांपैकी कशातच बसत नाही, बाबा.’

म्हटलं, मग?

‘मग काही नाही. परीक्षेला येत नाही ते. सोडून द्या.’