संडासातलं कॅलेंडर

मार्चमधलं पहिलं खरं ऊन पडलं, तशी धक्क्यावरची माणसं पलीकडे जाणारी बोट विसरून बाकांवर डोळे मिटून बसली. तिनेके नावाची एक बाईही बसली होती. शेजारून दोन आवाज येत होते, एक म्हातारीचा, एक परदेशी तरुणाचा.

"व्हिलमाबाई, काल तुमचा नळ दुरुस्त करायला आलो, तेव्हा संडासात गेलो होतो. तिथल्या कॅलेंडरवर माझं नाव आहे."

"असणारच. आमच्याकडे सगळ्यांचे वाढदिवस तिथंच लिहितात. रोज नजर पडते, विसरायची सोयच नाही."

"संडासात आपलं नाव, म्हणून आधी रागच आला. मग बसल्या बसल्या अख्खं वर्ष वाचून काढलं."

"तरीच एवढा वेळ लावलास, रेनान!"

"मी जुलैत आहे. आमच्या गावी, विषुववृत्ताच्या पलीकडे, जुलैत कडाक्याची थंडी. इथं लोक पाण्यात डुंबत असतात. तीन वर्षं झाली, अजून वाटतं, दुसऱ्याच कुणाचा तरी वाढदिवस आहे."

"होईल सवय."

"पण बाई, सगळे पेनानं आणि मी एकटाच पेन्सिलीनं?"

"तुमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू उडून जातात रे. खोडून खोडून कॅलेंडरला भोक पडायची वेळ आलीय."

"आणि ऑक्टोबरातले यान? त्यांना तर जाऊन सहा वर्षं झाली."

"झाली ना. म्हणून नवऱ्याला काय पेन्सिलीनं लिहायचं?"

लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला. बाकावरून कुणी हललं नाही.

"आज घरी पोचलो की मला पेन द्या."

"तुझ्या गावी परत जायचं म्हणत होतास ना?"

"म्हणत होतो."

"निळं देईन हो. काळं यानचं आहे."