अक्षरावरून स्वभाव

"माणसाचा मूळ स्वभाव त्याच्या अक्षरात उतरतो, रंगूबाई!" सन १८८९. कल्याणच्या टपालकचेरीच्या ओट्यावर, टपाल वाटून टेकलेल्या माझ्या शेजारीच, हरिहरपंतांनी तिला पत्र वाचून दाखवलं आणि हा सिद्धान्त मांडला. "तुमच्या दगडूचं अक्षर बघा. टपोरं, मोकळं. मुलगा मायाळू आहे."

"पत्र गिरणीतल्या कारकुनानं लिवलंय. दगडूला कुठं येतंय लिवायला?"

"मग कारकून मायाळू आहे."

"तुमचा ल्योक तर बी. ए. हाय म्हणं."

"अक्षर मोत्यासारखं!"

"आन् सोभाव?"

"पत्र आलं की सांगतो."

"रोज तर हितं येऊन बसता. शेवटचं कवा आलं व्हतं?"

"दिवाळीत."

"औंदाच्या?"

"रंगूबाई, तुमचं पत्र पुन्हा एकदा वाचू का? 'आये, जेवलीस का?' तिथपासून."