सोवळ्याचं पिंप

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो त्या आरोग्यसेविका तुळसाताई, आणि सुखनिवास सोसायटीतील माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार. मी मॅट्रिक शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही, म्हणून कागदावर लिहून आणलंय.

तुळसाताई वीस वर्षं आपल्या कोपर गावात घरोघर हिंडल्या. डासांच्या अळ्यांसाठी पिंपं, कुंड्या, फ्रिजमागचा ट्रेसुद्धा बघायच्या. त्या दिसल्या की आपण म्हणायचो, "आली बाई पाणी ओतायला!" त्यांचं माहेर इथलंच. आज आपलं पार्किंग आहे तिथे त्यांच्या वडिलांचा भात पिकायचा. आता सात टॉवर झाले. आणि पाण्याची लाईन? एकच इमारत होती तेव्हाची. माणसं वाढली, पाणी वाढलं नाही, आजार तेवढे वाढले. दिवसाआड पाणी येतं, मग साठवू नये तर करावं काय?

पण झाकण लावणं माझ्या हातात होतं.

गेल्या श्रावणात ताई माझ्याकडे आल्या. देवघराशेजारी पिंप होतं, दहा दिवसांपूर्वी भरलेलं. ओतून देतील म्हणून मी आडवी उभी राहिले. म्हटलं, "सोवळ्याचं आहे, शिवू नका." देवासमोर खोटं बोलले. ते भांडी घासायचं पाणी होतं.

ताई म्हणाल्या, "देवाचा हाय तं नाय शिवत, बाय. पन आजच्या आज रिकामा कर हां!"

मी हो म्हटलं. केलं नाही.

पंधरवड्यात समोरच्या शीलाची ऋतिका तापाने फणफणली. डेंग्यू. नऊ वर्षांची पोर, रोज दिवेलागणीला माझ्या देवघरातली घंटा वाजवायला यायची. तिला बघून मी घरी आले आणि पिंपात वाकून पाहिलं. अळ्या वळवळत होत्या. पाचव्या दिवशी ऋतिका गेली.

मग आपण आरोग्य खात्याकडे तक्रारीचा अर्ज केला, ताईंनी तपासणीच केली नाही म्हणून. त्यावर माझीही सही आहे. ताईंना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी विचारलं, "का हो?" तर म्हणाल्या, "शीलाचा दरवाजा तुझ्या समोरच हाय. तेवरा पुरे."

अध्यक्षसाहेब, शाल घालण्याआधी तो अर्ज मागे घ्यावा. नवा मी लिहून आणलाय, खाली माझी एकटीची सही आहे.

ऐकून घेतलंत, आपली ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. बाकीचं पोटात घाल असं, शीला, मी तुला म्हणणार नाही. ती घंटा त्या दिवसापासून मी वाजवलेली नाही.

नमस्कार.