माळावरची तपासणी

ऐका. जरा जवळ सरका, आणि माळाकडची ती खिडकी लावून घ्या. हे खरं की खोटं, एवढी पुस्तकं वाचूनही मला ठरवता आलेलं नाही. ऐकलं तसं सांगतो.

समिंद्रा ऊसतोडीच्या टोळीबरोबर नुकतीच गावात आली होती. नवरा उसाची गाडी घेऊन कारखान्यावर गेलेला, आणि इकडे वर्षाचं लेकरू तापानं फणफणलेलं. दिवेलागण झाली तसं तिनं ते लुगड्याच्या झोळीत छातीशी बांधलं, हातात कपड्यांचं गाठोडं घेतलं. दुकानदाराला दवाखान्याची वाट विचारली. तो म्हणाला, सडकेनं कशाला, माळावरून जा, आम्ही रोज जातो. खोटं नव्हता बोलत तो. गावातल्या माणसाला त्या वाटेवर कधीच काही झालेलं नाही.

पण माळ कसला? प्लेगच्या साली बाहेरून आलेल्यांना तिथं झोपड्यांत अडकवून ठेवत. शिपाई काखेत गाठ चाचपायचा. लेकरं आयांपासून वेगळी काढायचे. डॉक्टर येणार, येणार म्हणत. तो आलाच नाही.

तर समिंद्रा निघाली. चालली, चालली. पुढं कंदील दिसला. खाकीतल्या माणसानं गाव विचारलं. तिनं सांगितलं. तो बाजूला झाला. थोडं चालली, तर पुन्हा तोच कंदील, तोच माणूस. म्हणाला, गाठोडं खाली ठेव. ठेवलं. पुन्हा चालली. पुन्हा तोच.

"हात वर कर. काख बघायची आहे."

तिनं एक हात वर केला.

"दोन्ही."

तेवढ्यात शेजारी एक म्हातारी उभी. कधी आली, कुठून आली, कळलं नाही. "आण बाई, मी धरते," ती म्हणाली. "किती गं कढत अंग. दमलीस तू."

या गावात आल्यापासून तिच्याशी इतकं मायेनं कुणी बोललं नव्हतं. समिंद्राचा हात झोळीच्या गाठीवर गेला. गाठ सैल झाली. म्हातारी म्हणाली, "इतरांबरोबर निजवते हो."

कंदील हलला. मागं झोपडीची भिंत, तिला टेकून लेकरं बसलेली. ओळच्या ओळ. डोळे उघडे.

समिंद्राचा जन्म ऊसतोड्यांच्या कोप्यांत, पाचटाच्या झोपड्यांत गेलेला. चार लेकरं एकत्र आली की एक तरी रडतं, एक तरी खोकतं. इथं एवढी लेकरं, आणि हूं की चूं नाही.

तिनं झोळीचा सुटलेला पदर दातात धरला, लेकराला कवटाळलं आणि पळाली. मागं पावलं. मागून तीच मायेची हाक, "अगं, ठेव ना." पदराला ओढ बसली. पदर फाटला. दात सोडले नाहीत तिनं. थेट दवाखान्याच्या पायरीवर कोसळली.

नर्सबाईंनी लेकरू मागितलं, तर देईना. शेवटी मांडीवर असतानाच सुई टोचली. पहाटे ते भोकाड पसरून रडलं, तेव्हा कुठं समिंद्राही रडली.

म्हणून सांगतो, ती वाट धरू नका. तुम्ही म्हणाल, आम्ही इथलेच, आम्हाला कोण अडवतंय? खरं आहे. पण दारात नवं माणूस आलं, आजारी लेकरू घेऊन आलं, तर नुसतं बोट दाखवून ती वाट सांगू नका. कंदील घ्या, आणि सडकेनं त्याच्याबरोबर जा.