दुसऱ्या अल्टरनेटरची वायर

(सोलापूर, अक्कलकोट रोड. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. दारात बॉनेट उघडलेला पिकअप.)

चिमाबाई : ह्याचं न्हाय ऐकायचं मला. मास्तर, तुमी सांगा. दोष गाडीत हाय का ह्याच्यात?

बिरुदेव : आत्ती, सांगितलं की तुला. चन्नप्पा मास्तरांच्या वायरिंगमधीच काय तरी...

चन्नप्पा : माझ्या वायरिंगमध्ये? बरं. अक्का, आधी काय झालं ते तर कळू द्या.

चिमाबाई : नव्वद मेंढरं हायत माझी. ह्यो माझ्या भावाचा ल्योक. मशीननं एका दिसात लोकर कातरून देतो म्हणला. इसावं मेंढरू झालं आन मशीन रडाया लागलं. कापंना, नुसतं उपटाया लागलं. तरी ह्यो थांबंना. अजून धा वढली. जखमा झाल्या, किडं पडलं. आठ दिसात चार मेंढ्या गेल्या.

बिरुदेव : करंट कमी पडला. त्याला मी काय करू?

चन्नप्पा : कमी पडायलाच नको होता. दोन अल्टरनेटर आहेत गाडीला. अक्का, इकडं या. पट्ट्यावर फिरणारे हे दोन दिसतात? इंजिन फिरलं की हे वीज तयार करतात. पहिला गाडीच्या बॅटरीसाठी. दुसरा फक्त मागच्या बॅटरीसाठी, जिच्यावर मशीन चालतं. गाडी धावताना वीज भरपूर, उभी असली की कमी. कातरताना गाडी उभीच असते, म्हणून एकट्यावर भागत नाही. कळतंय?

चिमाबाई : एका हिरीवर भागंना म्हणून दुसरी खांदली.

चन्नप्पा : बरोब्बर! माझ्या वर्गात असतात तर पहिल्या बाकावर बसवलं असतं. आता हे मीटर धरा. आकडे येतात?

चिमाबाई : मेंढरं मोजती की मी रोज.

चन्नप्पा : मग झालं. याच्या तारा मागच्या बॅटरीला लावल्यात. बिरुदेव, गाडी चालू कर. आकडा चौदाच्या जवळ यायला पाहिजे.

चिमाबाई : बारा... मग टिंब... दोन.

चन्नप्पा : थांबा, घाई नको. हललाय का आकडा?

चिमाबाई : जाग्यावरच हाय.

चन्नप्पा : बिरुदेव, मशीन लाव.

चिमाबाई : अकरा टिंब नऊ. आठ. खाली चाललंय की हे!

चन्नप्पा : म्हणजे बॅटरीतलं संपतंय आणि भरत काहीच नाही. बंद कर रे. दुसऱ्या अल्टरनेटरची ही लाल वायर मी स्वतः मागच्या बॅटरीला जोडली होती. ती आता कुठं गेलीय?

चिमाबाई : बोल की रं. इतका येळ लई बोलत हुतास.

बिरुदेव : स्पीकरच्या बॅटरीला.

चन्नप्पा : कधीपासून?

बिरुदेव : कातरणी वरसातनं दोनदा, मास्तर. बाकीचं दिस गाडी काय उभी ठिवू? वराती घेतो. कातरणीच्या आदी वायर परत जोडणार हुतो. मग म्हणलं, बॅटरी घरनं फुल करून न्हेली हाय, नव्वद मेंढरं निघतील.

चन्नप्पा : वीस निघाली. पुढची दहा तू उपटलीस.

चिमाबाई : आन तवा गाणी लावली हुतीस. मेंढरं वरडाया लागली तसा आवाज वाढीवलास.

बिरुदेव : आत्ती, तसं न्हाय...

चिमाबाई : आठ दिस समद्या वाडीत सांगत फिरतुयास, मास्तरांनी फसवलं म्हणून.

चन्नप्पा : आयटीआयला दोन वर्षं माझ्यासमोर बसलास तू. चुकलं तर हात वर करा, मी ओरडणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ओरडलो होतो का कधी?

बिरुदेव : न्हाय, मास्तर.

चन्नप्पा : मग?

बिरुदेव : चुकलो. आत्ती, वायर आत्ता जोडून घेतो. ऱ्हायलेली साठ उद्या सकाळी उरकतो. पैसं नगं मला.

चिमाबाई : न्हाय.

बिरुदेव : मग कोण कातरणार? मामांनी तर कातरणं कवाच सोडलं.

चिमाबाई : सोडलं म्हणं. मास्तर, गाडीच्या तोंडाला, जाळीवर, त्या कात्र्या दिसत्यात न्हवं?

चन्नप्पा : त्या? मला वाटलं शोभेच्या आहेत.

चिमाबाई : ह्याच्या मामांच्या, आमच्या मालकांच्या हायत; कातरणीचंच काम करायचं ते. ही गाडी आली तवा हळद-कुकू लावून त्यांनीच ह्याच्या हातात दिल्या. भाच्याची भरभराट हुंदे, आता कुणाचं हात दुखायला नगंत, म्हणलं. ह्यानं वेल्डिंग करून टाकल्या. तवापासनं मालक कारखान्याच्या गेटवर राखण करत्यात. काढून द्या मला तेवढ्या.

बिरुदेव : आत्ती, नव्या आणून देतो की बाजारातनं.

चन्नप्पा : अक्का, खोटं नाही सांगत. वेल्डिंगच्या तापानं पोलादाचं पाणी उतरतं. काढून देतो, पण त्या आता धार धरायच्या नाहीत.

चिमाबाई : ठावं हाय मला. मेंढरं नव्या कात्रीनं कातरू आमी, लागंल तेवढं दिस लागू द्या.

बिरुदेव : मग ह्या न्हिऊन काय करणार?

चिमाबाई : काय न्हाय. तुझ्या गाडीवर नसल्या म्हंजी झालं.