घरातलं एकुलतं एक दार

डॉक्टरांकडे डोळ्यांत औषध घालून बसलेल्या शिंपीणबाईंना डोळे उघडायची मनाई होती, कानांना नव्हती. शेजारी एक म्हातारं आर्किटेक्ट जोडपं बोलत होतं.

“अहो, आता तरी आपल्या घरात दारं बसवूया.”

“दारं माणसं तोडतात. जन्मभर आपण दोघं लोकांना हेच सांगत आलो ना?”

“सांगायला काय जातंय, त्यांच्या घरात आपण थोडेच राहतो!”

“आणि बाथरूमला आहे की दार.”

“नकाशात तेसुद्धा तुम्ही खोडलं होतंत. मी सुताराला परस्पर सांगून बसवून घेतलं.”

“अगं, त्याची चूक समजून मी त्याला किती बोललो! आणि मला आपलं वाटायचं, तुला अंघोळीलाच तास लागतो.”

“अंघोळ पाच मिनिटांत उरकायची.”